आमची जोडीच चुकली आहे का?

लग्नाला काही वर्षे झालेल्या स्त्रीपुरुषांकडून समुपदेशनात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘आमची सतत भांडणे होतात, म्हणजे मुळात आमची जोडीच चुकली आहे का?’ विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते, कारण एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे हा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून आहे असे त्याने धरूनच ठेवलेले असते. मला मात्र उत्तराच्या आधी त्या प्रश्नामागचे चित्र तपासणे आवश्यक वाटते. नाते ही कशासारखी गोष्ट आहे, याचे प्रत्येकाच्या मनात एक रूपक असते आणि भांडणाचा अर्थ काय लावायचा हे ते रूपकच बऱ्याच अंशी ठरवून टाकते. ज्या स्त्रीच्या अनुभवाच्या आधारे मी हे लिहीत आहे, तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती तिशीतली, नोकरी करणारी, विचार करून बोलणारी होती. पहिल्याच भेटीत तिने मोबाईल पुढे केला. त्यात तिने भांडणांची तारीखवार नोंद ठेवली होती : पाहुण्यांसमोर माझे म्हणणे तोडले, मी रडत असताना झोपी गेला, माझ्या परीक्षेचा दिवस विसरला. शेवटची नोंद सर्वांत जिव्हारी लागलेली होती. नवऱ्याने तिला न सांगता दुसऱ्या शहरात बदलीसाठी अर्ज केला होता. ‘मॅडम, आम्ही खरंच एकजीव असतो तर मला विचारल्याशिवाय त्याने तो अर्ज भरलाच नसता,’ ती म्हणाली. वेगळे होण्याचा निर्णय महिनाअखेरीस आईवडिलांना कळवायचा, असे तिने मनाशी पक्के केले होते.

तिचे दुःख खरे होते आणि न सांगता केलेला अर्ज ही गंभीर गोष्टच होती. तरीही माझे लक्ष तिच्या शब्दांकडे गेले. ‘एकजीव’, ‘सूर जुळणे’, ‘आमचे तुकडे एकमेकांत बसतच नाहीत’ असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नाते म्हणजे एकमेकांसाठीच घडवलेल्या दोन अर्ध्या भागांचे मिलन, असे एकदा धरले की पुढचे सगळे ओघाने येते. भाग जुळणारे असतील तर ते पहिल्यापासूनच जुळतात, नसतील तर कितीही प्रयत्न केले तरी फट राहते. अशा चित्रात शिकायला आणि दुरुस्त करायला जागा नसते. प्रत्येक मतभेद हा त्या फटीचा आणखी एक पुरावा ठरतो. तिची मोबाईलमधली यादी याच नजरेने जमवलेली होती आणि म्हणूनच त्यात चांगल्या दिवसाची एकही नोंद नव्हती.

स्पाइक ली आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नेमका हाच प्रश्न प्रयोगांतून तपासला. काही सहभागींच्या मनात ‘आपण दोघे मिळून एक’ ही कल्पना जागी केली आणि काहींच्या मनात ‘आपण किती वाट चालून आलो’ ही कल्पना. त्यानंतर त्यांना जोडीदाराबरोबरचे वाद किंवा आनंदाचे प्रसंग आठवायला सांगून नात्याविषयी किती समाधान वाटते ते विचारले. वाद आठवल्यावर ‘एक’ या चित्रातून पाहणाऱ्यांचे समाधान कमी झाले. वाटचालीच्या चित्रातून पाहणाऱ्यांना ते वाद तसे बाधले नाहीत. मला सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी की, एका प्रयोगात प्रेमाविषयी शब्दसुद्धा वापरले नव्हते. काहींना जोडल्यावर पूर्ण वर्तुळ होईल असे आकार शोधायला दिले, काहींना चक्रव्यूहासारख्या चित्रातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ काढायला दिली आणि तेवढ्यानेही फरक पडला.

आपला निर्णय रूपकाने वळवला हे माणसाला बहुधा कळत नाही. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये एका शहरातल्या वाढत्या गुन्हेगारीचे वर्णन काहींना हिंस्र श्वापद म्हणून, तर काहींना विषाणू म्हणून वाचायला दिले. आकडेवारी दोन्हीकडे तीच होती. श्वापद वाचलेल्यांचा कल पकडण्याकडे आणि शिक्षेकडे अधिक झुकला, विषाणू वाचलेल्यांचा कारणे शोधून सामाजिक सुधारणा करण्याकडे. मत कशावरून बनवले असे विचारता बहुतेकांनी आकडेवारीकडे बोट दाखवले. पुढे इतर संशोधकांना हा परिणाम दर वेळी तितका ठळक आढळला नाही, त्यामुळे रूपक माणसाला हवे तसे नाचवते असा अर्थ त्यातून काढू नये. परंतु ‘मी पुराव्यावरून ठरवले’ असे म्हणताना पुरावा कोणत्या चौकटीतून निवडला, हे विचारण्याचे कारण त्यातून नक्की मिळते.

अशा वेळी दुसरे, अधिक आशादायक रूपक अशिलाच्या हाती ठेवण्याचा मोह समुपदेशकाला होतो. तो टाळावा असे माझे ठाम मत आहे. उसने चित्र घरी जाईपर्यंतही टिकत नाही, शिवाय ‘माझे दुःख यांना कळलेच नाही’ असेही अशिलाला वाटते. डेव्हिड ग्रोव्ह या न्यूझीलंडच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९८० च्या दशकात अशिलाच्याच शब्दांत, स्वतःची भर न घालता प्रश्न विचारण्याची पद्धत विकसित केली. मी तीच वाट धरली.

‘एकजीव असणे म्हणजे कशा प्रकारचे असणे?’ असे मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सांगावं लागू नये. मी न बोलता त्याला कळावं.’

‘आणि न बोलता कळते, तेव्हा ते कसे असते?’

तिला लग्नानंतरचा पहिला काळ आठवला. नातेवाइकांच्या गर्दीत ती दमली की नुसती नवऱ्याकडे पाहायची आणि तो काहीतरी निमित्त काढून दोघांना तिथून बाहेर काढायचा. हे सांगता सांगता ती थबकली. ‘पण ते मीच त्याला सांगितलं होतं. पहिल्यांदा त्याला काहीच कळलं नव्हतं, घरी येऊन मी चिडले होते. तेव्हा आमचं ठरलं होतं, की मी असं बघितलं की निघायचं.’ न सांगता कळण्याचा तिचा सर्वांत लाडका पुरावा मुळात सांगण्यातून आलेला होता. त्यावर मी काहीही बोलले नाही, कारण ती ते स्वतःच ऐकत होती.

पुढच्या एका भेटीला नवरा आला. त्याच्या बोलण्यात वेगळेच चित्र होते : संसाराचा गाडा. तो ओढायचा असतो, ओढताना कुरकुर करायची नसते आणि ओझे किती आहे हे दुसऱ्याला दाखवायचे नसते. घराच्या कर्जाचे हप्ते जड जात होते, बदलीच्या जागी पगार वाढणार होता, म्हणून त्याने अर्ज केला होता. ‘तिला कशाला त्रास द्यायचा?’ हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या लेखी गप्प राहणे ही काळजी होती आणि तिच्या लेखी तेच परकेपणाचे लक्षण होते. दोघेही एकमेकांच्या वागण्याचा अर्थ आपापल्या चित्रातून लावत असल्यामुळे इतकी भांडणे होऊनही कर्जाचा विषय एकदाही निघाला नव्हता.

इथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. मारहाण, धाक किंवा सततचा अपमान असेल तिथे पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो आणि रूपकांची चर्चा तोवर बाजूला ठेवावी लागते. संसाराला तपश्चर्या किंवा सत्त्वपरीक्षा मानणाऱ्या स्त्रीला तर सोसणे हेच यश वाटू लागते आणि बाहेर पडण्याचा विचार पाप वाटतो. वाटचालीचे चित्रही निर्धोक नाही. ‘इतकी वाट चाललो, आता मागे कशाला फिरायचे’ म्हणून माणसे नको त्या नात्यात वर्षे काढतात. म्हणून अशिलाने नवे चित्र स्वतः शोधले तरी मी तोच प्रश्न विचारते : या चित्रातून पाहताना कोणती गोष्ट दिसेनाशी होते?

महिनाअखेरीला तिने आईवडिलांना काही कळवले नाही. दोघांनी आधी कर्जाचा हिशेब एकत्र मांडला आणि बदलीच्या अर्जाचे काय करायचे ते त्यानंतर ठरवायचे असे ठरवले. वेगळे होण्याचा विचार तिने पूर्णपणे सोडला नव्हता आणि तो सोडावा असा माझाही आग्रह नव्हता. मात्र तो निर्णय कशावर घ्यायचा हे तिने स्वतः नव्याने लिहून काढले : मोठी गोष्ट करण्याआधी तो मला सांगतो का, मला काय हवे ते मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगते का, आणि सांगितल्यावर आमच्यात काही बदलते का. यांतला दुसरा प्रश्न आधीच्या यादीत कुठेच नव्हता.