गच्ची गळतेय आणि घरात कुणी नीट बोलत नाही

प्रिय काकू,
मी 36 वर्षांचा. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. मे महिन्यात मी स्वतः गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. व्हिडिओ बघितले, 20 लिटरची बादली आणली आणि सुट्टीच्या दिवशी भर दुपारी रोलर फिरवला. मृगाच्या पहिल्या पावसानंतर जागोजाग फुगे आले. आता पोपडे हातानं निघतात आणि आई-वडिलांच्या खोलीत पंख्याजवळ छत ठिबकतं. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतः दुरुस्त केली. ते मला काहीच बोलत नाहीत, गुपचूप पातेलं सरकवतात. त्याचाच जास्त त्रास होतो. बायको म्हणाली, पाऊस नसला तरी नळाला पाणी आलेल्या दिवशी गळतं. तिच्यावर ओरडलो, ‘तुला काय कळतं यातलं?’ तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. नवी बादली आणून ठेवलीय. रविवारी त्याच्यावरच अजून एक हात मारू का? आणि वडिलांसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?
— नाव छापू नका

अरे, सगळ्यात आधी पंख्याचं बघ. छतातून येणारं पाणी पंख्याच्या हुकापर्यंत आलं असेल, तर ते वायरीच्या पाइपातही शिरू शकतं. त्या खोलीचा एमसीबी आजच बंद कर, इलेक्ट्रिशियन तपासून जाईपर्यंत चालू करू नकोस. आपल्याकडे पंख्याशिवाय रात्र काढणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून आई-वडिलांचं अंथरूण पुढच्या खोलीत हलव. बाकी सगळं यानंतर.

आता तुझं पत्र. वडिलांच्या गप्प बसण्याबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि बायकोबद्दल जाता जाता. मला मात्र अख्ख्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तिचंच वाटलं. पाऊस नसताना, नळाला पाणी आलं त्या दिवशी गळतं, हे तिनं लक्ष ठेवून पाहिलंय. उजनीचं पाणी आपल्या नळाला काही दिवसांआड येतं. आलं की माणूस टाकी, पिंप, घागरी, सगळं भरून घेतो, मोटर चालूच राहते आणि वर टाकी भरून वाहते. तुझी टाकी त्याच खोलीवर आहे का? तसं असेल, तर गळतीचं एक कारण टाकीच्या ओट्याखाली बसलंय, आणि तिथं तुझा रोलर पोचलाच नसणार. भरलेली टाकी कोण हलवतो? सगळे तिच्याभोवतीनं हात फिरवतात.

म्हणून नवी बादली उघडू नकोस. सुटलेल्या थरावर कितीही भारी कोटिंग लावलं तरी ते त्या पोपड्यालाच चिकटतं, स्लॅबला नाही, आणि त्याच्यासकट निघून येतं. फुगे का आले तेही समजून घे, म्हणजे स्वतःला बोल लावणं थोडं कमी होईल. सोलापूरचा मे म्हणजे पारा 42-43च्या पुढं, आणि उन्हातला स्लॅब हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला. अशा स्लॅबवर कोटिंग टेकलं की वरची साय लगेच धरते, खाली मात्र ते पकडायच्या आतच सुकतं. त्यात मे महिन्यातली आपली धूळ. ती नुसत्या झाडूनं निघत नाही, तारेचा ब्रश मारून धुवावं लागतं. त्यातून स्लॅबमध्ये टाकीची ओल आधीपासून मुरलेली असेल, तर ऊन पडलं की तिची वाफ होते, ती वर यायला बघते आणि थर उचलते. त्याचेच हे फुगे. तुझ्या हाताला काम येत नाही असं यातून सिद्ध होत नाही. कामाची वेळ चुकली आणि क्रम चुकला.

सध्या एवढंच कर. टाकीच्या बाजूला चांगली ताडपत्री उतार देऊन बांध, पाणी जायची नळी मोकळी ठेव, तिच्या तोंडाशी पोपड्यांचा कचरा अडकू देऊ नकोस. आपल्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस कोरडे जातात, त्या उघडिपीत काम होतं. सुटलेलं सगळं खरवडून काढ. मग संध्याकाळी प्लॅस्टिकचा एक तुकडा स्लॅबवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद कर आणि सकाळी उचलून बघ. आतून थेंब धरले असतील किंवा खालचा सिमेंट काळपटला असेल, तर स्लॅब अजून ओला आहे, थांब. भेगा नुसत्या रंगवायच्या नसतात. त्या थोड्या उकरून, भरून घ्यायच्या. कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा भरून काढलेली गोलाई, आहे का ते पाहा, कारण बरीच गळती त्या कोपऱ्यातूनच उतरते. कोटिंग लावायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. पहिला हात पातळ, दुसरा त्याला आडवा, मध्ये किती तास सोडायचे ते बादलीवर लिहिलेलं असतं.

आणि मिस्त्री बोलव. गच्चीचा ढाळच बिघडला असेल, तर कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, फोडून नव्यानं करावा लागेल, आणि ते रविवारचं काम नाही. तो शेवटी गच्चीत पाणी कोंडून बघायला सांगेल, ते बरोबरच आहे. पण हिशेब कर: 500 चौरस फुटांवर 2 इंच पाणी म्हणजे साधारण 2,350 लिटर, हजाराच्या दोन टाक्या भरूनही कमी पडतं. आपल्या गावात एवढं पिण्याचं पाणी गच्चीवर ओतायला माझं मन धजत नाही. सिमेंटचा छोटा बांध घालून एकेक भाग तपास, बोअरचं पाणी मिळालं तर उत्तम. आतल्या छताला रंग मात्र पाऊस संपून छत पुरतं वाळेपर्यंत देऊ नकोस, दिवाळी आली तरीही.

वडिलांसमोर तुला जी नामुष्की वाटतेय तिच्याबद्दल थोडं. आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची होती. दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकून चोपायची, तरी कुठंतरी गळायचंच. मग एकजण भर पावसात वर चढायचा आणि दुसरा खाली धारेखाली उभा राहून ओरडायचा, ‘तिथं नाही, अजून डावीकडं!’ वरचा पायानं माती दाबत दाबत धार बंद करायचा. घर गळलं म्हणून कुणाची मान खाली जात नव्हती. पण खालून सांगणाऱ्याला ‘तुला काय कळतं’ म्हणून चालत नसे, कारण धार कुठं पडतेय ते त्यालाच दिसायचं.

तुझ्या घरात ते तुझ्या बायकोला दिसलं. तिची माफी माग, आजच, आणि सरळ शब्दांत: ‘तू बरोबर पाहिलं होतंस, मी उगाच ओरडलो.’ त्याला ‘टेन्शनमध्ये होतो’ची शेपूट लावू नकोस. ती लगेच विरघळणार नाही कदाचित. चालेल, तिला वेळ दे.

वडिलांचं मला तुझ्याइतकं अवघड वाटत नाही. ते रागावलेत हे तू ठरवलंस, ते बोललेले नाहीत. ज्या मुलानं मे महिन्याच्या उन्हात आपल्या डोक्यावरचं छत नीट करायला घेतलं, त्याला काय बोलावं हे त्यांना सुचत नसेल, असंही असू शकतं ना? त्यांच्यासमोर माफी मागायला उभा राहू नकोस, काम विचारायला बस. स्लॅब कुठल्या साली पडला, ढाळ कुणीकडं काढला होता, वर विटांचा कोबा आहे की नुसतं सिमेंट, टाकी त्या कोपऱ्यात कुणी बसवली. मिस्त्री हेच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तरं फक्त त्यांच्याकडं आहेत. जिना चढवत नसेल, तर मोबाइलवर गच्चीचे फोटो काढून आण आणि त्यांच्या हातात दे.

आता नळाला पाणी येईल त्या दिवशी असं करा. मोटर सुरू केली की तू वर जा. टाकीचा बॉल कॉक वेळेवर बंद होतो का, ओव्हरफ्लोचं पाणी नळीवाटे जातं की ओट्यावर पसरतं, खालच्या जोडातून ओल झिरपते का, हे टाकी भरेपर्यंत बघ. बायकोला खाली खोलीत थांबायला सांग, फोन चालू ठेवा. थेंब पडायला लागला की ती सांगेल, आणि त्या क्षणी तुझ्यासमोर काय चाललंय ते लिहून ठेव. मिस्त्रीला तो कागद दाखव.
— काकू