इंजिनाचा नवा बेल्ट टाकूनही सेकंडहँड पोर्शे केमनमध्ये सीटमागून चिवचिव येते. नेमकी कोणती पुली गेली हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडोदऱ्यात २००८ची पोर्शे केमन सेकंडहँड घेतली. सकाळी स्टार्ट केली की सीटच्या मागून चिवचिव येते आणि एसी लावला की तिची किंचाळी होते. मेकॅनिकने इंजिनाचा बेल्ट (अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग फिरवणारा पट्टा) बदलला, पंधरा दिवस शांततेत गेले आणि आवाज परत हजर. आता तो म्हणतोय, सगळ्या पुल्या (बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो ती चाकं) आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा हात) एकदमच बदलून टाकू. त्याचा आकडा ऐकून तुम्हाला घाम फुटलाय.

लगेच हो म्हणू नका. मी वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) अल्टरनेटर-स्टार्टरची कामं करतो आणि अशा गाड्यांचे पार्ट माझ्या टेबलावर येतच असतात. बेल्ट आपणहून क्वचित ओरडतो. एखादी पुली त्याला तिरका चालवते, किंवा टेन्शनर ढिला पडून त्याला घसरू देतो, आणि बदनाम होतो बिचारा बेल्ट. पंधरा दिवसांची शांतता हाच इथे सगळ्यात कामाचा पुरावा आहे: नव्या रबराची पकड चांगली असते, तिने दोष झाकला. रबर जरा गुळगुळीत झालं आणि मूळ दुखणं वर आलं.

आधी आवाज नीट ऐका. तुटक चिवचिव असेल आणि एक्सलरेटर दिल्यावर तिचा ठेका जलद होत असेल, तर बेल्ट कुठल्यातरी पुलीवर तिरका चढतोय, म्हणजे पुली लाईनमध्ये नाही. सलग लांब किंचाळी, तीही एसी लावल्यावर, हेडलाइट-ब्लोअर सगळं चालू केल्यावर किंवा उभ्या गाडीत स्टिअरिंग क्षणभर शेवटपर्यंत वळवल्यावर, म्हणजे बेल्ट घसरतोय. सकाळी पहिल्या स्टार्टला ती जास्त येते, कारण स्टार्टरने खर्च केलेली बॅटरी भरायला अल्टरनेटर तेव्हा जोर लावत असतो. तिसरा आवाज घरघर किंवा खरखर. तो लोडने फारसा बदलत नाही, आरपीएमबरोबर नुसता चढत जातो, आणि तो बेअरिंगचा.

तुमच्याकडे पहिले दोन्ही आहेत. दोन्ही एकाच पार्टमधून येऊ शकतात, तो म्हणजे टेन्शनर. त्याचा हात ज्या बुशवर फिरतो ते बुश झिजलं की हात तिरका होतो, आणि त्याच झिजेने दाबही कमी पडतो. माझा पहिला संशय त्याच्यावर. पण संशयावर पैसे खर्च करायचे नसतात, म्हणून तपासूया.

या गाडीत बेल्ट पाहायला पुढचं बॉनेट उघडून उपयोग नाही, तिथे फक्त डिकी आहे; इंजिन सीटच्या मागे आहे. दोन्ही सीट पुढे सरकवायच्या, पाठीमागचं कार्पेट काढायचं आणि पत्र्याचं झाकण बोल्ट खोलून बाजूला करायचं. बेल्ट समोर दिसतो. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं असेल तर गाडी उघड्यावर लावा आणि दोन्ही दारं उघडी ठेवा, कारण इंजिनाकडचा धूर सरळ केबिनमध्ये येऊ शकतो. फिरणारा बेल्ट तुमच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. सैल बाही, गळ्यातली चेन, हातातलं कडं, सगळं काढून मगच वाका.

इंजिन बंद असताना सगळ्यात आधी एवढंच बघा: बेल्टच्या सगळ्या धारा (आतल्या बाजूचे लांब उंचवटे) पुल्यांच्या सगळ्या खाचांत बसल्यात का? एवढ्याशा खिडकीतून हात घालून बेल्ट चढवताना तो एक खाच बाजूला बसणं अगदी सोपं आहे. एखाद्या पुलीवर बेल्टची एक धार बाहेर लोंबत असेल किंवा एक खाच रिकामी दिसत असेल, तर तुमचं निदान फुकटात झालं. मग बेल्टवरचा नंबर वाचा. ६पीके१७०० असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे सहा धारा आणि १७०० मि.मी. लांबी. तो नंबर तुमच्या मॉडेलच्या पार्ट कॅटलॉगशी जुळलाच पाहिजे. एक-दोन सेंटिमीटर लांब बेल्ट चढतो, चालतोही, पण टेन्शनर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसतो आणि दाब देईनासा होतो.

आता पाण्याची चाचणी. स्प्रे बाटलीत साधं पाणी घ्या, इंजिन आयडलवर ठेवा आणि बेल्टच्या धारांच्या बाजूला हलका फवारा मारा. चिवचिव क्षणभर बंद होऊन पुन्हा आली तर पुली लाईनबाहेर. पाणी पडताच आवाज वाढला तर ताण कमी. काहीच फरक पडला नाही तर बेल्ट सोडा, बेअरिंगकडे वळा. गॅरेजमध्ये कुणी साबणाची वडी किंवा बेल्टचा चिकट स्प्रे घेऊन पुढे आला तर त्याला हात जोडा. आवाज दोन दिवस जातो, मग त्या चिकट्यावर धूळ बसते आणि नवा बेल्टही वाया जातो.

इंजिन चालू असतानाच टेन्शनरचा हात पाहा. बारीक थरथर चालते. पण तो सरळ उड्या मारत असेल तर आतलं डॅम्पिंग (थरथर शोषण्याची सोय) गेलंय. मग इंजिन बंद करून थंड होऊ द्या, टेन्शनरच्या बोल्टवर २४ नंबरचा सॉकेट लावा आणि घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा. हात सगळ्या टप्प्यात सारख्या जोराने, न अडखळता जायला हवा. मध्येच खरवडल्यासारखं लागलं, किंवा बुशच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर तो बदलायचाच. त्याच स्थितीत बेल्ट उतरवून घ्या, पण त्याआधी त्याच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा.

बेल्ट उतरला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. इथे बरेच जण उलटा अर्थ लावतात. आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट दाखवणारी, काही न चालवणारी) बोटाने टिचकी मारल्यावर भिंगरीसारखी फिरत राहिली की मेकॅनिक खूश होतो, ‘बघा, एकदम फ्री!’ चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, ते पुलीला एखाददुसऱ्या फेरीतच थांबवतं, आणि तेही न वाजता. फार वेळ फिरणारी पुली म्हणजे आतलं ग्रीस सुकलंय किंवा वाहून गेलंय. मग पुलीची कड दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. जाणवण्याइतका प्ले (ढिलेपणा) चालत नाही. पाण्याच्या पंपाच्या पुलीत तर अजिबात नाही, कारण या गाडीत पंपही याच बेल्टवर आहे. पंपाखाली सुकलेल्या कूलंटचा पापुद्रा दिसला तर सील गेलंय. ते कूलंट बेल्टवर उडत असेल तर कितीही बेल्ट बदला, चिवचिव जाणार नाही.

खाचा असलेल्या पुल्यांत बेल्टचा एखादा तुकडा दाबून बघा. बेल्टची धार खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकायला हवी, तळाला नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली झिजलीय. आयडलरच्या सपाट पाठीवर मधोमध खोलगटपणा आणि कडेला उंचवटा आला असेल तर तीही गेली. लाईन तपासायला पोलादी पट्टी पुरे. साधारण माप असं, की दोन पुल्यांमध्ये ३० सें.मी. अंतर असेल तर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

आता कार्पेट काढलंच आहे तर एक गोष्ट बघाच. ही गाडी वडोदऱ्यातली असेल आणि ऑगस्ट २०२४ मध्ये इथेच उभी असेल, तर तिने विश्वामित्रीचं पाणी पाहिलंय का? तेव्हा नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती. समा, अकोटा, मुजमहुडा, कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. केमन तर जमिनीला टेकलेली गाडी. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फेस, झाकणाच्या कडेची रबर पट्टी, यांत वाळलेल्या गाळाची बारीक पिवळट रेघ सापडते. विकणाऱ्याने वरून कितीही पॉलिश मारलं तरी ती तिथे राहते.

ती रेघ सापडली तर माझा सल्ला बदलतो. पुलीच्या बेअरिंगला रबरी सील असतं ते धूळ आणि शिंतोडे अडवायला, दिवसभर बुडून राहायला नाही. पाणी सीलच्या ओठातून आत जातं, ग्रीस दुधाळ होतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की प्रत्येक गोळी जिथे टेकलीय तिथेच गंज धरतो. असं बेअरिंग कापून पाहिलं की आतल्या कड्यावर गोळ्यांच्या अंतराने काळे ठिपके मोजून दिसतात. पुरानंतर आमच्याकडे आलेल्या अल्टरनेटरांत हे पुष्कळ पाहिलं. सुरुवातीला गाडी ठीक चालते. मग एक एक ठिपका सोलवटत जातो आणि घरघर सुरू होते. अशा गाडीत आज टेन्शनर, चार महिन्यांनी आयडलर, मग अल्टरनेटर असं करत बसण्यापेक्षा तुमच्या मेकॅनिकचं ‘सगळं एकदम’ मान्य करा. रेघ नसेल तर मात्र जे खराब तेवढंच.

आणि हो, आमच्या गावात बेअरिंग म्हटलं की प्रत्येकाचा कुणीतरी काका माणेजाच्या बेअरिंग कारखान्यात होता. तो सांगेल, ‘अरे, आयडलरमध्ये ६२०३ बसतं, १७ बाय ४० बाय १२, शंभर-दोनशेत मिळेल, ठोकून दे.’ माप बहुतेक वेळा बरोबर असतं. पण इंजिनाच्या उष्णतेत आणि या वेगात पाण्याच्या मोटरीचं बेअरिंग टिकत नाही. सी३ क्लिअरन्स (आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक) आणि जास्त तापमानाचं ग्रीस लागतं. पत्र्याची प्रेस-फिट पुली असेल आणि बाजूला प्रेस मशीन असेल तर ठीक. प्लॅस्टिकची पुली बेअरिंगवरच ओतलेली असेल तर त्या फंदात पडू नका, अख्खी पुली घ्या.

अल्टरनेटरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण स्पोर्ट्स कारमध्ये त्याची खरी परीक्षा होते. त्याची पुली क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीपेक्षा बरीच लहान, साधारण अडीच-तीनपट वेगाने फिरते. इंजिन ७००० आरपीएमवर असताना आतला रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) १८-२० हजारांवर असतो. तुम्ही पाय उचलता, इंजिन झटक्यात खाली येतं, पण त्या जड रोटरला थांबायचं नसतं. तो झटका बेल्टवर आणि टेन्शनरवर जातो. म्हणून अनेक अल्टरनेटरांना एकाच दिशेने पकडणारी फ्रीव्हील पुली देतात, तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचं टोपण असतं. तुमच्याकडे टोपण दिसलं तर रोटर अडवून पुली दोन्हीकडे फिरवा. एका दिशेला मोकळी, दुसरीकडे रोटरसकट पकड, असं हवं. दोन्हीकडे घट्ट असेल तर ती जाम झालीय आणि तुमचा टेन्शनर तिनेच मारलाय. मग नुसता टेन्शनर बदलून वर्षभरात परत तिथेच याल. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी खडखड येत असेल तर हाच संशय पक्का.

एसीच्या कॉम्प्रेसरला क्लच असेल तर त्याचं बेअरिंग उलटं वागतं. एसी बंद असताना पुली त्याच्यावर एकटी फिरते आणि आवाज येतो, एसी लावला की क्लच पकडतो आणि आवाज जातो. तुमचं अगदी विरुद्ध आहे, म्हणून ते बेअरिंग मी यादीतून काढतो.

एवढं करूनही कळलं नाही तर थंड इंजिन बेल्टशिवाय वीस-तीस सेकंद चालवून बघता येतं. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. पाण्याचा पंप फिरत नाही म्हणून त्याहून जास्त अजिबात नको. आवाज तसाच राहिला तर तो पुल्यांचा नाहीच, इंजिनाच्या आतला आहे, आणि मग हे इंजिन खरोखर खोलून पाहिलेल्या माणसाकडेच न्या.

मेकॅनिकने काढलेला जुना बेल्ट मागून घ्या. आजकालचे ईपीडीएम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात, त्यामुळे ‘चिरा नाहीत म्हणजे चांगला’ हे खरं नाही. त्याची एकच कड उसवली असेल तर लाईनचा दोष आधीपासून होता हे नक्की. धारा काचेसारख्या चकाकत असतील तर घसरण. बघून झाल्यावर तो शाबूत असेल तर २४च्या सॉकेटबरोबर पुढच्या डिकीत टाकून ठेवा. अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर बेल्ट तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि स्टिअरिंग एकदम जड होतं. तेव्हा पुढचा टोलनाका गाठायच्या नादी न लागता तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा.