वाचकांचे प्रश्न : डॉक्टर की नट?

प्रश्न : डॉ. श्रीराम लागू नाटकाकडे पूर्ण वेळ केव्हा वळले? चित्रपटांमुळे त्यांची रंगभूमी मागे पडली का?

उत्तर : कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या डॉ. लागूंनी पुण्यात आणि पुढे टांझानियात व्यवसाय केला. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे वावरल्यानंतर 1969मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते पूर्ण वेळ नट झाले. जम बसलेला व्यवसाय त्या वयात सोडणे किती अवघड असते, हे ज्याने संसार चालवला आहे त्याला वेगळे सांगायला नको. 1970च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर त्यांनी साकारले, तेव्हा ते जेमतेम त्रेचाळीस वर्षांचे होते आणि भूमिका मात्र थकल्या, घरातून दुरावलेल्या म्हाताऱ्याची होती, ती दीर्घ स्वगते पेलण्यासाठी लागणारा श्वास आणि आवाजावरचा ताबा माझ्या मते त्यांच्या अभिनयाचा कणा होता.

चित्रपटांत ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’ ही नावे पुरेशी आहेत. हिंदीतही त्यांनी विपुल काम केले, परंतु तिथल्या बऱ्याच दुय्यम भूमिकांत त्यांच्या ताकदीला वाव मिळाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते. रंगभूमी मात्र त्यांनी सोडली नाही.