रवांडात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस, बी.एड. झालंय, नाशिकजवळच्या शाळेत गणित शिकवता आणि एका संस्थेमार्फत वर्षभर रवांडात स्वयंसेवक म्हणून जायची संधी आली आहे. घरचे घाबरलेत. तुमचे प्रश्न तीन: तिथलं राहणं कसं असतं, एकट्या मुलीला सुरक्षित आहे का, आणि १९९४च्या नरसंहारानंतर ती माणसं एकमेकांशेजारी राहतात तरी कशी.

मी दक्षिण रवांडात, न्यामागाबे जिल्ह्यात, प्राथमिक शाळांच्या शिक्षकांबरोबर गणिताचं काम केलं आहे. त्याआधी सातारा जिल्ह्यात सेमी इंग्रजीच्या वर्गांना शिकवत होते. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो नीट समजला तरच बाकीचं राहणं जमतं.

७ एप्रिल १९९४ ला सुरू झालेली कत्तल जुलैच्या मध्यापर्यंत चालली. साधारण शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची होती, आणि कत्तलीला विरोध करणारे, बहुसंख्य हुतू समाजातले लोकही त्यात होते. मारणारे बऱ्याचदा त्याच टेकडीवरचे शेजारी होते. रस्त्यांवर नाके उभारून ओळखपत्रं तपासली जायची, कारण ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा (तिसरा, अगदी छोटा समाज) हे छापलेलं असे. ही नोंद १९३०च्या दशकात बेल्जियन राजवटीने सुरू केली होती. आपण शिक्षक आहोत म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. १९९४ च्या आधी कित्येक वर्षं तिथल्या शाळांमध्ये गुरुजी वर्गात हुतू मुलांना वेगळं आणि तुत्सी मुलांना वेगळं उभं करून मोजायचे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांनी आपण कोण हे पहिल्यांदा वर्गातच ऐकलं.

आता ओळखपत्रावर ती नोंद नाही आणि कुणी कुणाला विचारत नाही. तुम्हीही विचारायचं नाही, आडून आडूनसुद्धा नाही. हे आपल्याला वाटतं तितकं सोपं जात नाही. आपल्याकडे ओळख झाली की दुसरंच वाक्य असतं, "आडनाव काय? मूळचे कुठले?" त्यातून आपण काय काढून घेतो ते आपल्याला ठाऊक असतं. रवांडात परंपरेने कुळाचं आडनावच नसतं. प्रत्येक बाळाला किन्यारवांडा या तिथल्या भाषेतलं स्वतःचं वेगळं नाव आणि बहुधा एक ख्रिस्ती नाव मिळतं. सख्ख्या भावंडांची नावंही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून "आईवडील कुठले, भावंडं किती" हे प्रश्न गप्पा मारायला म्हणून टाकू नका. तिशीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर १९९४ मध्ये जाऊन थांबण्याची शक्यता असते. पाऊसपाणी विचारा, बटाटा कसा आला विचारा, मुलांचा अभ्यास विचारा. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका शिक्षिकेने पुष्कळ महिन्यांनंतर, वह्या तपासता तपासता मला एक वाक्य सांगितलं आणि पुढची वही उघडली. ते वाक्य तिचं आहे, मी ते इथे लिहिणार नाही.

शेजारी राहतात कसे, याचं एक उत्तर न्यायालयांत आहे. तुरुंग इतके भरले होते की नेहमीच्या कोर्टांनी ते खटले संपले नसते. म्हणून गावातल्या जुन्या पंचायतीच्या धर्तीवर गाचाचा न्यायालयं उभी राहिली. गवतावर बसून, गावाने निवडलेल्या पंचांपुढे, सगळ्यांसमक्ष सुनावणी व्हायची. २००२ ते २०१२ या काळात त्यांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणं निकाली काढली. गुन्हा कबूल करून प्रेतं कुठे पुरली ते सांगणाऱ्याला शिक्षेत सूट मिळे, आणि कित्येक घरांना आपली माणसं कुठे आहेत हे त्यामुळेच कळलं. त्यात खोट्या साक्षी झाल्या, साक्षीदारांवर दबाव आले, आरोपींना वकील नव्हते, हेही खरं. पण आज बाजारात एका बाजूला वाचलेली बाई रताळी विकते आणि दुसऱ्या बाजूला शिक्षा भोगून आलेला माणूस कोळसा विकतो, हे त्यातून घडलेलं आहे. लांब शिक्षा संपवून आता सुटणारेही आहेत. त्याला क्षमा म्हणायचं की निभावणं म्हणायचं, हे ठरवायचा अधिकार बाहेरून आलेल्या माणसाला नाही असं मला ठामपणे वाटतं.

एप्रिलची तयारी मनाशी आधीच करून ठेवा. ७ तारखेपासून आठवडाभर राष्ट्रीय दुखवटा असतो, आणि क्विबुका म्हणून ओळखला जाणारा स्मरणकाळ पुढे जुलैपर्यंत चालतो. त्या आठवड्यात लग्नं होत नाहीत, गाणी वाजत नाहीत, गावोगाव सभा होतात. सभेत एखादी बाई अचानक किंचाळायला लागते, जणू सगळं आत्ताच चाललंय. तिला कसं बाजूला न्यायचं, कुणी धरायचं हे गावाला माहीत असतं, प्रशिक्षित माणसं हजर असतात. आपण मागे सरून जागा द्यायची. फोन खिशात ठेवायचा. न्यामागाबे शहराजवळच मुरांबीचं स्मारक आहे. तिथे बांधकाम चालू असलेल्या तंत्रशाळेत आसऱ्याला आणलेल्या हजारो लोकांना एप्रिल १९९४ मध्ये मारलं गेलं. वर्गखोल्यांत चुन्याने जतन केलेले मृतदेह ठेवलेले आहेत. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहणं जड गेलं. जाणार असाल तर सुटीच्या आदल्या दिवशी जा.

आता कामाकडे येते. रवांडाने २००८ मध्ये शिक्षणाचं माध्यम फ्रेंचकडून इंग्रजीकडे नेण्याचा निर्णय घेतला. जे शिक्षक स्वतः फ्रेंचमध्ये शिकले होते, त्यांना जवळजवळ रातोरात इंग्रजीत गणित शिकवावं लागलं. पुढे खालच्या वर्गांसाठी किन्यारवांडा आणली गेली, मग २०१९ च्या शेवटी पुन्हा पहिलीपासून इंग्रजी जाहीर झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सेमी इंग्रजी सुरू झाल्यावर मराठीत शिकलेल्या आपल्या गुरुजींची जी तारांबळ होते, ती ज्याने आतून पाहिली आहे त्याला तिथली अडचण लगेच समजते. उदाहरण शिक्षकाला येत असतं, मुलाला येत असतं, दोघांच्या मध्ये भाषा आडवी येते. आपला उपयोग इथे आहे. इंग्रजी ही आपलीही घरची भाषा नाही, ती आपण कमावलेली आहे, आणि ती कशी कमावायची हे आपण दाखवू शकतो.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: मला बोलावलंय कुणी? जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने किंवा शाळेने मागणी केली आहे का, आणि तिथे माझं काम कुणाच्या हाताखाली असेल? तुम्ही स्वतः वर्ग घेऊन मुलांना शिकवाल तर वर्षभराने तुमच्याबरोबर ते सगळं निघून जाईल. तिथल्या शिक्षिकेच्या शेजारी बसून तिचा तास तयार कराल तर तो तास तिचा होतो. आम्ही तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर मार्करने संख्यारेषा आणि अपूर्णांकांचे तक्ते काढायचो, बाटल्यांची बुचं जमवून बेरीज-वजाबाकी करायचो. भिंतीवर खिळा नसला तरी पोतं दोरीला अडकवता येतं आणि पावसात भिजलं तरी टिकतं. ही कल्पना मी नेलेली नव्हती, तिथल्या शिक्षकांनीच मला शिकवली. वर्गात मुलं खूप असतात, खालच्या वर्गांना दोन पाळ्या असतात, आणि शिक्षक दमलेला असतो. प्राथमिक शिक्षकांचा पगार २०२२ मध्ये ८८ टक्क्यांनी वाढवला गेला, यावरून आधी तो किती कमी होता याचा अंदाज करा. दुपारी चारला प्रशिक्षण ठेवणाऱ्या स्वयंसेवकाचा त्यांना राग का येतो, तेही त्यात आलं.

आणि कुणी तुमच्याकडून भरमसाट फी घेऊन "अनाथालयात मुलांशी खेळा" असं सांगत असेल तर तिथेच थांबा. रवांडाने २०१२ पासून अनाथालयं बंद करून मुलांना कुटुंबांत ठेवण्याचं धोरण घेतलं आहे. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या परक्या ताई-दादांचा लळा लावून मुलांचं भलं होत नाही.

राहण्याचं सांगायचं तर सवय लवकर होते. देश लहान आहे, २६ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार माणसं १ कोटी ३२ लाख. जिकडे बघाल तिकडे टेकड्या आणि टेकडीवर शेवटपर्यंत शेती. न्यामागाबेकडे उंचीमुळे थंडी असते, स्वेटर न्याच. पाऊस वर्षातून दोनदा येतो. वीज कॅश पॉवरच्या मीटरवर, म्हणजे आधी पैसे भरून. ती रात्री संपते तेव्हा मोबाइलवरून भरता येते. पाणी जाईल तेव्हासाठी पिवळे कॅन भरून ठेवायचे. स्वयंपाक गॅसवर करता येतो, पण शेजारी कोळशाच्या शेगडीवरच करतात. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. राजमा, रताळी, बटाटे, कच्ची केळी उकडून, माठासारखी डोडोची भाजी, कसाव्याच्या पानांची इसोंबे, आणि एवढे मोठे अॅव्होकॅडो की एकात जेवण होतं. चपाती त्याच नावाने टपरीवर मिळते, आलं घातलेला दुधाचा चहाही मिळतो. मसाला मात्र घरून न्या. रस्त्याने चालताना खाऊ नका, तिथे ते असभ्य समजतात.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा उमुगांडा असतं. सगळ्या गावाने मिळून रस्ता, गटार, शाळेची खोली असं काहीतरी करायचं. आपल्या श्रमदानासारखं, पण तिथे ते कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यानंतर गावसभा होते. तुम्हाला सक्ती कुणी करणार नाही, तरी फावडं घेऊन जा. मला गावाने ओळखायला सुरुवात केली ती तिथे. तोवर मी नुसती "उमुहिंदे", म्हणजे भारतातली बाई, होते.

सुरक्षिततेबद्दल आईवडिलांना निर्धास्तपणे सांगा की संध्याकाळी एकटीने घरी येताना मला तिथे कधी भीती वाटली नाही. गावोगाव जाणाऱ्या बसमध्ये जेवढ्या जागा तेवढेच प्रवासी, मोटारसायकल टॅक्सीवर मागच्यालाही हेल्मेट, संसदेच्या खालच्या सभागृहात ६० टक्क्यांहून जास्त स्त्रिया. पण या शिस्तीची दुसरी बाजूही त्यांना सांगा. सरकारवर उघड टीका करणारे पत्रकार आणि विरोधक तुरुंगात गेले आहेत. तिथले लोक राजकारणावर परक्याशी बोलत नाहीत, आणि तुम्ही विषय काढलात तर अडचणीत ते येतील, तुम्ही विमान पकडून परत याल. समाजमाध्यमांवर लिहितानाही हे लक्षात ठेवा. पश्चिमेला काँगोच्या हद्दीवर परिस्थिती वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या काँगोतल्या बंडखोर गटाने तिथलं गोमा शहर घेतलं, आणि ते रवांडाच्या रुबावू जिल्ह्याला अगदी खेटून आहे. किवू सरोवर कितीही सुंदर असलं तरी त्या बाजूला जाण्याआधी किगालीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना पाहा, आणि पोचल्यावर तिथे नाव नोंदवा.

कागदपत्रांत तीन गोष्टी लेखी मागा: राहण्याचा आणि कामाचा परवाना संस्था काढून देणार का (पर्यटक व्हिसावर वर्षभर काम करणं चालत नाही), आजारपणात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, आणि दरमहा हातात किती मिळणार. मुंबईहून बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलाल, त्यामुळे पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. त्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

जायचं ठरलं तर निघण्याची तारीख मात्र स्वतः मागून घ्या. तिथलं शालेय वर्ष आता सप्टेंबरला सुरू होतं. ऑगस्टमध्ये पोचलात तर पहिल्या दिवसापासून शिक्षकांबरोबर असाल, दोन्ही पाऊस बघाल, किन्यारवांडात रामराम आणि भाजीचा भाव करता येईल. जानेवारी-फेब्रुवारीत पाठवतो म्हणाले तर नाही म्हणा. एप्रिल येईल तेव्हा गावाला तुमचं नाव माहीत असलं पाहिजे.