'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळात धैर्य आणि सोबतीचा देव हवाय, पण गोष्ट चंद्रपूरकडच्या खेड्यात घडते. खेळातला तयार देव टॉर्म चालेल का?

टॉर्म जसाच्या तसा उचलू नका. कर्तव्य-निष्ठेचा देव खरा, पण चिलखतातला. धानाच्या बांधीत उपराच दिसेल. तुमचा देव जंगलाच्या कडेला झाडाखाली बसवा, वाघदेव वाघोबा बसतो तसा. (खऱ्या वाघोबाचं नाव मात्र खेळात घेऊ नका, लोकांची श्रद्धा आहे.) भक्त कोण? रात्री जागलीला जाणारे, उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघणाऱ्या बाया. वाघाच्या रानात एकटं जायचं नसतं, एकमेकींना हाका देत राहावं लागतं. त्यावरूनच नियम करा: सोबत्याच्या हाकेला ओ दिली नाही, की देवाने दिलेली शक्ती गेली. वाहन रानकुत्रा ठेवा, तो कळपाने शिकार करतो. वाघ एकटा फिरतो, तो इथे कामाचा नाही. नैवेद्याला मोहफुलं.