‘बनगरवाडी’त काही घडतच नाही, असं गटातले म्हणतात. चर्चा कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दादरच्या तुमच्या वाचन गटाने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही धनगरांच्या वाडीवरची कादंबरी घेतली आणि निम्मे जण म्हणाले, ‘कथानकच नाही, बोलायचं कशावर?’ माझं म्हणणं, ‘आवडली का?’ हा प्रश्न सुरुवातीला कुणी काढूच नये. एकदा हो किंवा नाही म्हटलं की माणसं तेच धरून बसतात. आधी एक पान मोठ्याने वाचा. कुठलंही चालेल, पण सावकाश.

आमचा गट पार्ल्यात भरतो. ज्यांना पुस्तक संथ वाटलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते लोकलमध्ये वाचलं होतं. मीही तिथेच वाचते. पण गर्दीत वाचताना नजर सारखी ‘पुढे काय झालं’ याच्या मागे धावते, आणि माडगूळकर ते फार थोडं सांगतात. वाक्यं लहान, विशेषणं मोजकी. माळ, ऊन, मेंढरं, कारभाऱ्याचं, म्हणजे वाडीच्या म्होरक्याचं, बोलणं हे समोर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, ही त्यांची रीत. मोठ्याने वाचलं की ती कानाला कळते.

मग विचारा, वाडीच्या शाळेवर आलेला मास्तर काय सांगत नाही? सगळी गोष्ट तोच सांगतो, पण स्वतःबद्दल किती कमी बोलतो! वयाने कोवळा, घरापासून लांब, अनोळखी वाडीत. वाडीतल्या अंजी या मुलीबद्दल त्याला नेमकं काय वाटतं? यावर आमच्याकडे इतका वाद रंगला की चहा तसाच राहिला. प्रत्येकाला आपलं म्हणणं पुस्तकातली ओळ दाखवून मांडावं लागलं, आणि त्या शोधाशोधीत ‘कंटाळवाणी’ म्हणणारेच सगळ्यात जास्त पानं उलटत होते.

दुष्काळाला मात्र भरपूर वेळ ठेवा. जी माणसं एकजुटीने तालीम उभी करतात, तीच शेवटी पाऊस न आल्याने वाडी सोडून जातात. काही घडत नाही म्हणणाऱ्यांना हे जरूर विचारा: अख्खं गाव उठून जातं, याहून मोठं काय घडायला हवं? लेखक आवाज चढवत नाही, म्हणून ते लहान होत नाही. आमच्यातल्या एका काकांचे आजोबा असेच साताऱ्याकडून परळच्या गिरणीत आले होते. ते म्हणाले, ‘वाडीतली माणसं पुढे कुठे गेली असतील, ते मला ठाऊक आहे.’ मुंबईतल्या कुठल्याही गटात असं कुणी ना कुणी निघेल. त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका.

आणखी एक. अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट चर्चेआधी दाखवू नका. कारभाऱ्याला एकदा चेहरा मिळाला की प्रत्येकाच्या मनातला कारभारी पुसला जातो. पुढच्या बैठकीला अवश्य पाहा. १९५५ची ही कादंबरी पडद्यावर नेताना काय बोलकं करावं लागलं, यावर दुसरी चांगली चर्चा होते.