महोत्सवाला जायचे ते कशासाठी? रंगकर्मींचे प्रश्न आणि उत्तरे

नाट्यमहोत्सवांच्या जोडीने कलावंतांसाठी कार्यशाळा, संहितावाचने, निर्मात्यांशी भेटी आणि निवासी कार्यक्रम भरवले जातात. त्यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बरीच वर्षे रंगमंचावर अभिनय करते आणि माझे रीतसर प्रशिक्षणही झाले आहे. एका महोत्सवातील निवडक कलावंतांच्या कार्यक्रमासाठी अर्ज करावा, असे मित्रमंडळी सुचवत आहेत. सकाळी कार्यशाळा, संध्याकाळी नाटक आणि रात्री चर्चा असा दोन आठवड्यांचा क्रम आहे. माझ्यासारखीला त्यातून नवीन काय मिळणार?

उत्तर : अभिनयाचे तंत्र शिकायला मिळेल या अपेक्षेने जाणार असाल, तर जाऊ नये असेच मी म्हणेन. आवाजाचा पल्ला, श्वासावरची पकड, शरीराची सवय या गोष्टी दोन आठवड्यांत बदलत नाहीत. त्यासाठी एकाच गुरूपाशी किंवा एकाच मंडळीबरोबर दीर्घकाळ तालीम करावी लागते. नामवंत दिग्दर्शकाच्या तीन तासांच्या मास्टरक्लासमधून फार तर त्याची विचार करण्याची रीत कळते. तेही, तो स्वतःच्या आठवणी सांगण्यात वेळ घालवत नसेल तर.

अशा कार्यक्रमाचे खरे बळ नाटक सोबतीने पाहण्यात आहे. बर्लिनच्या थिएटरट्रेफेनचे उदाहरण घ्या. 1964 पासून चालत आलेल्या या महोत्सवात समीक्षकांची समिती जर्मन भाषक प्रदेशातील वर्षभराच्या नाटकांमधून 10 लक्षवेधी निर्मिती निवडते, आणि त्यांच्या जोडीने इंटरनॅशनल फोरम नावाचा कार्यक्रम होतो. निरनिराळ्या देशांतील नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार तिथे तीच नाटके पाहतात, त्यांवर बोलतात आणि कार्यशाळांत एकत्र काम करतात. आपल्याला जो प्रवेश निव्वळ आरडाओरडा वाटला, तोच शेजारच्या नटाला नाटकाचा कणा का वाटला, हे दुसऱ्या दिवशी समजून घेताना आपल्या अभिरुचीच्या कडा पहिल्यांदा दिसतात. वर्षानुवर्षे त्याच मंडळीत काम करणाऱ्या अनुभवी नटाला हे सहसा दुसरीकडे मिळत नाही. उलट, नवशिक्याला त्याचा फायदा कमी होतो, कारण घासून पाहण्याजोगी स्वतःची मते अजून बनायची असतात.

तेव्हा तुमचे प्रशिक्षण आड येणार नाही, ते उपयोगीच पडेल. मात्र अर्ज करण्यापूर्वी वेळापत्रक बारकाईने पाहा. सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत रकाने भरलेले असतील आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये मोकळा वेळच नसेल, तर आयोजकांना आपल्या अहवालाची चिंता अधिक आहे असे समजावे. सहभागींची संख्या आणि सगळे एकाच ठिकाणी राहणार आहेत का, हेही विचारून घ्या. वीस जणांत जे घडते ते दोनशे जणांत घडत नाही.

प्रश्न : माझे नाटक अर्धे लिहून झाले आहे. एका महोत्सवाने ते प्रगतिपथावरील काम म्हणून वीस मिनिटे सादर करण्यास बोलावले आहे. प्रेक्षागृहात इतर महोत्सवांचे संयोजक आणि निर्माते असतील. अपुरे काम दाखवून पहिलाच ठसा बिघडेल, अशी भीती वाटते. जावे का?

उत्तर : आधी एका गोष्टीचा निर्णय करा : या वीस मिनिटांतून तुम्हाला नाटक सुधारून हवे आहे, की नाटकाला प्रयोग मिळवून हवे आहेत? दोन्ही हेतू रास्त आहेत, पण त्यांची तयारी निराळी असते, आणि आयोजक अनेकदा दोन्हींची सरमिसळ करतात. तुमच्या मनातील भीतीचे मूळ त्या सरमिसळीतच आहे.

संहिता सुधारायची असेल, तर तिथे खरेदीदार, म्हणजे प्रयोग ठरवणारे संयोजक आणि निर्माते, नसलेले बरे. अमेरिकेतील यूजीन ओ'नील थिएटर सेंटरमध्ये 1965 पासून उन्हाळ्यात भरणाऱ्या नाटककारांच्या परिषदेने या बाबतीत चांगला पायंडा पाडला. नट हातात संहिता घेऊन, नाममात्र नेपथ्यावर नाटक सादर करतात आणि नाटककार दोन वाचनांच्या मधल्या वेळात ते पुन्हा लिहितो. हातात कागद दिसत असल्यामुळे, हे काम पुरे झालेले नाही, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांचे नाटक 1982 मध्ये तिथे निवडले गेले, त्याआधी त्यांची नाटके तिथूनच परत आली होती. परिषदेचे कलासंचालक लॉइड रिचर्ड्स यांच्याशी तिथे जुळलेला संबंध इतका टिकला, की पुढे ब्रॉडवेवर आलेली विल्सन यांची पहिली सहा नाटके रिचर्ड्स यांनीच दिग्दर्शित केली.

वाचनानंतरची चर्चा कशी चालवणार, हेही आयोजकांना आधीच विचारा. सूत्रसंचालक नुसतेच "कसे वाटले?" असे विचारणार असेल, तर प्रत्येक जण आपल्या मनातले वेगळेच नाटक तुम्हाला लिहायला सांगेल. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये मांडलेली चार टप्प्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. पहिल्यांदा प्रेक्षक आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात. मग कलावंत त्यांना प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रेक्षक कलावंताला विचारतात, पण प्रश्नात मत दडवायचे नाही. आणि शेवटी, कलावंताची परवानगी असेल तरच, मत मांडले जाते. यांतला तिसरा टप्पा सर्वांत अवघड. "बहीण इतकी रडकी का दाखवली?" हा प्रश्नाचा वेष घेतलेला शेरा झाला; "दुसऱ्या प्रवेशात बहिणीकडे कसे पाहिले जावे असे तुमच्या मनात होते?" हा प्रश्न. पहिल्यावर नाटककार आपली बाजू मांडत बसतो, दुसऱ्यावर त्याला विचार करावा लागतो. माझ्या मते अपुऱ्या कामासाठी याहून सुरक्षित रीत नाही, आणि महोत्सवाने ती स्वीकारली नसेल, तर तुम्ही स्वतः सुचवायला हरकत नाही.

प्रयोग मिळवायचे असतील, तर मात्र वीस मिनिटे सलग सादर करण्याचा आग्रह सोडा. पूर्ण झालेला एकच प्रवेश नीट बसवून दाखवा आणि उरलेल्या वेळात बोला. भावी निर्मितीचे स्वप्न ऐकून संयोजकाचे काम होत नाही, त्याला व्यवहाराचे प्रश्न असतात : प्रवासाला किती माणसे, मांडणीला किती तास, रंगमंच किमान किती रुंद आणि खोल हवा, दिवे टांगण्याची सोय लागते का, नाटक दुसऱ्या भाषेच्या प्रेक्षकांना उपशीर्षकांशिवाय कळेल का, आणि प्रयोग संपल्यावर सामान किती वेळात आवरते. स्कॉटलंडमधील एडिंबरो फ्रिंज या महोत्सवासारख्या ठिकाणी एकाच सभागृहात दिवसभर एकापाठोपाठ एक नाटके होतात. त्यामुळे मांडणी आणि आवरणे काही मिनिटांत उरकावे लागते. अशा ठिकाणी फिरता रंगमंच मागणारे नाटक कितीही चांगले असले तरी दारातूनच परतते. या सगळ्याची उत्तरे दोन पानांच्या तांत्रिक तपशिलात लिहून न्या. नाटक अर्धेच लिहिलेले असताना हा तपशील खरेपणाने लिहिता येणार नाही, म्हणून तुमच्या बाबतीत पहिला हेतू धरावा आणि संयोजकांसमोर जाणे नाटक पूर्ण होईपर्यंत लांबवावे, असे मला वाटते. आयोजकांना तसे स्पष्ट कळवून केवळ वाचनाची जागा मागा.

प्रश्न : मी प्रकाशयोजना करतो. महोत्सवांतील बहुतेक कार्यक्रम नट आणि दिग्दर्शकांसाठीच असतात. आमच्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर : तक्रार खरी आहे. पण पडद्यामागच्या कलांना वाहिलेला मोठा महोत्सवही आहे : प्राग क्वाड्रिएनाल. 1967 पासून दर चार वर्षांनी भरणाऱ्या या प्रदर्शनात नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी आणि नाट्यवास्तू यांचा विचार होतो आणि विद्यार्थ्यांनाही स्वतंत्र स्थान असते.

त्याखेरीज कोणत्याही महोत्सवात तुमच्यासाठी एक वर्ग चालू असतो, फक्त त्याची जाहिरात होत नाही. पाहुणे नाटक आपला प्रकाशआराखडा घेऊन येते, सभागृहातील दिव्यांची संख्या आणि जागा निराळ्या असतात, आणि संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत तो आराखडा नव्या जागेत बसवायचा असतो. अशा वेळी त्या नाटकाचा प्रकाशयोजनाकार काय सोडून देतो आणि कशासाठी अडून बसतो, हे पाहण्यासारखे असते. दोन दिव्यांचे काम एका दिव्यावर भागवताना त्याने रंग बदलला की नटाची जागा पाऊलभर सरकवून मागितली, यावरून त्याच्या आराखड्यात मुळात महत्त्वाचे काय होते ते कळते. महोत्सवाच्या तांत्रिक प्रमुखाला आधी पत्र लिहून मांडणीच्या दिवसांत मदतनीस म्हणून उभे राहण्याची परवानगी मागा. केबल गुंडाळण्याची तयारी असलेल्या माणसाला बहुधा नकार येत नाही. फक्त तांत्रिक तालीम चालू असताना प्रश्न विचारू नका.

प्रश्न : काही कार्यक्रम कलावंतांकडून शुल्क घेतात, काही उलट मानधन देतात. शुल्क घेणारे सगळे फसवेच समजावेत का?

उत्तर : नाही. ठरावीक शिक्षकाकडून ठरावीक कौशल्य शिकवले जाणार असेल, तर शुल्क योग्यच आहे. पण निर्मात्यांशी ओळख करून देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. एडिंबरो फ्रिंजमध्ये देशोदेशींच्या संयोजकांची नोंदणी करून त्यांना नाटकांपर्यंत पोचवण्यासाठी फ्रिंज सोसायटीचे स्वतंत्र कार्यालय आहे. तेव्हा असली मध्यस्थी महोत्सवाच्या यंत्रणेकडून होऊ शकते, हे ध्यानात ठेवा. तुमच्या श्रमांतून तयार झालेला प्रयोग महोत्सव तिकिटे लावून दाखवणार असेल, तर त्याला प्रशिक्षण म्हणू देऊ नका. तिथे मानधनाचीच बोलणी करावी.

प्रश्न : गेल्या महोत्सवात पुष्कळ ओळखी झाल्या, पण परतल्यावर कोणीही पत्राला उत्तर दिले नाही. मी कुठे कमी पडलो?

उत्तर : "भेटून आनंद झाला, एकत्र काम करायला आवडेल" अशा पत्राला उत्तर देणे अवघडच असते, कारण त्यात विचारलेले काहीच नसते. आयईटीएम हे रंगकर्मींचे जाळे 1981 मध्ये इटलीतील पोल्व्हेरिजी येथील महोत्सवातच जन्मले आणि आजही टिकून आहे. ते एका भेटीवर उभे राहिले नाही. माणसे ठरवून पुन्हा पुन्हा भेटत राहिली.

सगळ्यांना लिहिण्याऐवजी दोघा-तिघांची निवड करा. ज्यांच्याशी एखाद्या नाटकावर तुमचे खरोखर बोलणे झाले, अशांचीच. पत्रात त्या बोलण्याचा धागा धरा आणि लहानसे, करता येण्यासारखे काही मागा : नव्या संहितेतील पहिली दहा पाने वाचून द्याल का, किंवा तुमच्या पुढच्या तालमीला दोन दिवस बसू द्याल का. त्यांनी तुमच्याकडे काही मागितले असेल, तर ते आधी पाठवा. चित्रफीत पाठवायचे कबूल करून ती राहून गेली असण्याचा संभव मला अधिक वाटतो. महोत्सवानंतरचे पहिले काही आठवडे संयोजकही थकलेले असतात, तेव्हा महिन्याभराने एकदा आठवण करावी. त्यालाही उत्तर आले नाही, तर पुढचे पत्र नवीन नाटकाच्या तारखा ठरल्यावरच लिहा.